लहान ग्लो इंजिनाचं थ्रॉटल नीट सेट कसं करायचं: टाकीपासून लो नीडलपर्यंत

फुल थ्रॉटलला मस्त ओरडणारं इंजिन आयडलला, म्हणजे अगदी हळू फिरण्यावर, आणलं की दहा-पंधरा सेकंदात गप्प होतं, किंवा आयडल धरतं पण ट्रान्समीटरची स्टिक वर ढकलली की खोकतं आणि मरतं. लहान ग्लो इंजिन, म्हणजे मॉडेल विमानाचं मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन, वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते, आणि मग बरेच जण ठरवून टाकतात की लहान इंजिनाला थ्रॉटल जमतच नाही, ते फक्त फुल स्पीडला उडवायचं आणि फ्युएल संपलं की ग्लाइड करून उतरवायचं. हे मला अजिबात पटत नाही. .१५ साइजचं (आकडा घन इंचात), म्हणजे साधारण २.५ सीसीचं साधं इंजिनसुद्धा व्यवस्थित आयडल करतं, टचडाउननंतर परत उडतं, टॅक्सी करत तुमच्यापर्यंत येतं. फक्त कामाचा क्रम बरोबर लागतो. बहुतेक लोक त्रास झाला की पहिल्यांदा नीडल, म्हणजे फ्युएल कमी-जास्त करणारा सुईसारखा स्क्रू, फिरवायला लागतात, आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण मूळ दोष टाकीत किंवा लिंकेजमध्ये (थ्रॉटल फिरवणाऱ्या छोट्या मोटरपासून, म्हणजे सर्व्होपासून, इंजिनापर्यंतच्या जोडणीत) असला तर नीडल कितीही फिरवा, एक बाजू सुधारते आणि दुसरी बिघडते. म्हणून नीडलला हात शेवटी लावायचा. हा लेख त्याच क्रमाने लिहिलाय, मधलं काही सोडून पुढे जाऊ नका.

आयडललाच त्रास का होतो

ग्लो इंजिनात स्पार्क नसतो. १९४७ मध्ये रे आर्डननी ग्लो प्लग बाजारात आणला आणि कॉइल, कंडेन्सर, पॉइंट्स हे सगळं वजन मॉडेलमधून गेलं, पण त्याबरोबर टायमिंग मागे-पुढे करायची सोयही गेली. आधीच्या स्पार्क इंजिनात टायमिंग बदलून वेग थोडाफार कमी-जास्त करता यायचा. ग्लोमध्ये प्लगची प्लॅटिनमयुक्त तार आणि मिथेनॉलची वाफ यांच्या रिअ‍ॅक्शनने तार लाल राहते आणि दर फेरीत मिश्रण पेटतं. म्हणजे तार गरम राहायला हवी, आणि ती गरम राहते आधीच्या स्फोटांच्या उष्णतेवर. आयडलला स्फोट लहान आणि त्यांच्यामधला वेळ जास्त, त्यामुळे तार थंड पडायला लागते. त्यात मिश्रण जास्त रिच, म्हणजे हवेच्या मानाने फ्युएल जास्त, असेल तर न जळलेलं ओलं फ्युएल तारेवर येतं आणि ती अजून थंड होते.

लहान इंजिनात हे जास्त जाणवतं, कारण सिलिंडर जितका लहान तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, उष्णता पटकन निघून जाते. शिवाय क्रँक आणि प्रॉप (प्रोपेलर) हलके, एखादी फेरी नीट पेटली नाही तर पुढच्या फेरीपर्यंत ओढून न्यायला जोर उरत नाही. आणि कार्बमधून (कार्बुरेटरमधून) जाणारं फ्युएल इतकं थोडं असतं की स्क्रूच्या पाव फेरीतसुद्धा रिचचं लीन (फ्युएल कमी) होऊन जातं. हे लक्षात ठेवलं की एक अपेक्षा आपोआप सरळ होते: मोठं .४० किंवा .४६ इंजिन २२००-२८०० आरपीएमला आयडल करतं म्हणून .१० किंवा .१५ कडूनही तेच मागायचं नाही. या लहान इंजिनांना ३०००-३५०० मध्ये स्थिर आयडल मिळालं तर ते चांगलं काम समजा. सगळ्यात कमी आरपीएमच्या मागे लागू नका, दोन मिनिटं न डगमगता टिकणारं आणि स्टिक दिली की लगेच उठणारं आयडल हवं, मग ते तीनशे आरपीएम जास्त असलं तरी काही बिघडत नाही.

आधी कार्ब ओळखा

इंजिन समोर घेऊन बसा. तीन प्रकार भेटतील.

पहिला, एअरब्लीड कार्ब. कार्बच्या पुढच्या बाजूला एक छोटं भोक असतं आणि बाजूने किंवा वरून एक स्क्रू त्या भोकात थोडा आलेला दिसतो. ओएस कंपनीच्या एलए मालिकेतल्या इंजिनांवर हेच कार्ब असायचं, आणि लहान स्वस्त इंजिनांवर हे खूप दिसतं. याचं काम असं चालतं: बॅरल, म्हणजे कार्बमधला फिरून हवेची वाट उघड-बंद करणारा दंडगोल, बंद होत जातो तशी हवा कमी होते, पण बॅरलच्या आत ओढ टिकून राहते म्हणून फ्युएल तितकंसं कमी होत नाही, मिश्रण रिच होतं. त्या छोट्या भोकातून जास्तीची हवा येऊन ते परत जागेवर आणते. स्क्रू बाहेर काढला की भोक उघडतं, जास्त हवा, म्हणजे लीन. स्क्रू आत घातला की रिच.

दुसरा, ट्विन नीडल. इथे थ्रॉटल आर्मच्या मधोमध एक स्क्रू असतो, तो लो नीडल. बॅरल फिरताना बाजूलाही थोडा सरकतो आणि त्याच्याबरोबर ती आतली नीडल स्प्रेबारच्या (फ्युएल आत सोडणाऱ्या नळीच्या) तोंडात शिरते, म्हणजे इथे हवा न वाढवता फ्युएलच कमी केलं जातं. ओएस ४६एएक्स वर असं कार्ब आहे. यात स्क्रू आत म्हणजे लीन, बाहेर म्हणजे रिच. एअरब्लीडच्या बरोबर उलटं. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण मैदानात गडबडीत याच्यातच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. कोणाचं ऐकून स्क्रू फिरवायच्या आधी तो कुठल्या कार्बबद्दल बोलतोय ते विचारा.

तिसरा प्रकार म्हणजे एक्झॉस्ट थ्रॉटल, कॉक्सच्या .०४९ सारख्या ०.८ सीसीच्या इंजिनांवर सिलिंडरभोवती फिरणारी एक रिंग जी एक्झॉस्ट पोर्ट झाकते. जळलेला गॅस आत अडकतो, नवीन चार्ज कमी येतो, वेग उतरतो, आणि तो गरम गॅस प्लगची तारही गरम ठेवतो. याला लो एंडचा (आयडलकडच्या भागाचा) वेगळा स्क्रू नसतो, एकच नीडल. त्यामुळे यात पूर्ण आयडल मागायचं नाही, जोर निम्म्यावर आला आणि मॉडेल खाली यायला लागलं तरी भरपूर. अशी रिंग असेल तर नीडल फुल थ्रॉटलला थोडी रिच बाजूला ठेवा, रिंग बंद करून इंजिन चालू राहतं का बघा, नाही राहिलं तर रिंग पूर्ण बंद होऊ नये असा सर्व्होचा प्रवास कमी करा. बस, या प्रकारासाठी एवढंच, लिंकेज आणि टाकीचं खालचं सगळं मात्र लागू आहे.

टाकी आणि गळती

आयडलला फ्युएल ओढण्याची ताकद कमी असते आणि टाकीला मिळणारं मफलरचं प्रेशरही पडलेलं असतं. म्हणून टाकी वर किंवा खाली असल्याचा परिणाम फुल थ्रॉटलपेक्षा आयडलला जास्त दिसतो. टाकीची मधली रेषा नीडलच्या, म्हणजे स्प्रेबारच्या पातळीला किंवा तिच्या पाच ते दहा मिलिमीटर खाली हवी. टाकी वर असेल तर टाकी भरलेली असताना आयडल रिच होऊन इंजिन बुडतं आणि अर्धी झाली की बरं चालतं. लो नीडल भरल्या टाकीवर सेट केली तर उडता उडता लीन होते, अर्ध्या टाकीवर सेट केली तर सुरुवातीला मरते. असा त्रास वाटला तर नीडलला हात न लावता टाकी खाली घ्या. इंजिन उलटं बसवलेलं असेल तर स्प्रेबार खाली गेलेला असतो, त्यामुळे टाकीही त्याच मापाने खाली न्यावी लागते, नाहीतर फ्युएल आपोआप वाहत जाऊन प्लग भिजवतं.

टाकी फायरवॉलच्या (इंजिन बसतं त्या भिंतीच्या) जितकी जवळ तितकं चांगलं. फोममध्ये गुंडाळा म्हणजे कंपनाने फेस होणार नाही, पण इतकी घट्ट कोंबू नका की फोमचा काही उपयोगच राहणार नाही. आतला क्लंक (फ्युएल ओढणाऱ्या नळीच्या टोकाचं वजन) मोकळा फिरतो का आणि मागच्या भिंतीला चिकटत नाही ना हे मॉडेल उभं-आडवं करून हलवून ऐका. नाक खाली केल्यावर क्लंक पुढे दुमडून तिथेच अडकला तर पुढच्या चढाईत इंजिन बंद, आणि दोष दिला जातो कार्बला.

आता गळती. फ्युएलच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी आयडलला हवा शिरते. नळी जिथे निपलवर चढते तिथे ती कापली जाते, दर सीझनला नवीन घाला, स्वस्तातली गोष्ट आहे. कार्ब ज्या ओ-रिंगवर बसतं ती, बॅकप्लेटची गॅस्केट, मेन नीडलच्या (फुल थ्रॉटलचं मिश्रण ठरवणाऱ्या नीडलच्या) खोबणीतली ओ-रिंग, ही तीन ठिकाणं बघा. कार्ब बसवताना ते खाली दाबून धरायचं आणि मग स्क्रू आवळायचा, नुसता स्क्रू आवळून ओ-रिंग दबत नाही. गळती ओळखायची खूण अशी की आयडल एका जागी राहत नाही, गरम झाल्यावर हळूहळू चढत जातं, आणि लो नीडल कितीही रिच केली तरी लीनसारखंच वागतं. पक्कं करायचं असेल तर इंजिन आयडलला असताना कार्बच्या बुडाशी आफ्टर-रन ऑइलचा (इंजिन ठेवून देताना आत सोडायच्या तेलाचा) एक थेंब मागच्या बाजूने सोडा, वेग बदलला म्हणजे हवा तिथूनच जातेय.

लिंकेज: इथे वेळ घालवा

माझ्या मते चांगल्या थ्रॉटलचं निम्मं काम या भागात होतं, आणि नेमका हाच भाग लोक अर्ध्या तासात उरकतात.

सर्व्हो लहान चालतो, बॅरल फिरवायला फार जोर लागत नाही. पण आधी पुशरॉड (सर्व्हो आणि कार्ब जोडणारी दांडी) काढून बॅरल बोटाने फिरवून बघा. तो हलका, कुठेही न अडकता फिरला पाहिजे. एरंडेल तेल असलेलं फ्युएल वापरून इंजिन पडून राहिलं असेल तर बॅरल गमसारखा चिकटलेला असतो, तो मिथेनॉल किंवा ताज्या फ्युएलने सोडवा, पकडीने ओढू नका.

पुशरॉड लवचिक नळीतला असेल तर नळी दर काही इंचांवर बांधलेली पाहिजे, आणि विशेष करून दोन्ही टोकांना. मधे मोकळी राहिली तर सर्व्हो ढकलतो तेव्हा नळी वाकते, ओढतो तेव्हा सरळ होते, आणि आयडलची जागा दरवेळी वेगळी पडते. एकदा २८००, एकदा ३४००. लहान बॅरलमध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे फार मोठा फरक. टोकाला झेड-बेंड (झेडच्या आकारात वाकवलेली तार) किंवा क्लेव्हिस (चिमट्यासारखी जोडणी), आणि निदान एका टोकाला लांबी बदलता येईल असं काहीतरी. इंजिनाकडे प्लास्टिकचा क्लेव्हिस किंवा बॉल लिंक घाला. धातूवर धातू घासून भोक मोठं होतं आणि खेळ वाढतो, आणि जुन्या रेडिओंमध्ये तर त्या घासण्याने गडबड यायची, २.४ गिगाहर्ट्झमध्ये ती भीती फारशी नाही पण झीज तीच.

आता माप. बहुतेक सर्व्हो पूर्ण स्टिकमध्ये ८० ते ९० अंश फिरतात आणि लहान कार्बचा बॅरल आयडलपासून पूर्ण उघडेपर्यंत बऱ्याचदा त्याहून कमी, समजा ६० अंश. दोन्हीकडे सारख्या लांबीचा आर्म लावला तर सर्व्हो टोकाला जाऊन बॅरलला दाबत बसतो, गुणगुणतो, बॅटरी खातो. मग लोक ट्रान्समीटरमध्ये एंडपॉइंट (सर्व्होच्या प्रवासाची हद्द) ५० टक्क्यांपर्यंत खाली आणतात. चालतं, पण सर्व्होची अर्धी बारीकी वाया जाते आणि खेळ दुप्पट दिसतो. त्यापेक्षा सर्व्होच्या आर्मवर आतलं भोक घ्या आणि कार्बच्या आर्मवर बाहेरचं. ८० अंशाचा सर्व्हो आणि ६० अंशाचा बॅरल असेल तर सर्व्होचं भोक केंद्रापासून ९ मिमी आणि कार्बचं १२ मिमीवर घेतलं तर जवळजवळ बरोबर बसतं. मग एंडपॉइंट ९०-१०० च्या आसपास राहतो, बारीक जुळवणीला दोन्हीकडे जागा उरते.

अजून एक गोष्ट बघायची. बॅरल कार्बमध्ये पहिल्या अर्ध्या उघडण्यातच जवळजवळ सगळी ताकद मिळते, उरलेल्या अर्ध्यात फक्त आवाज वाढतो. म्हणून सरळ रेषेत जुळवलेलं लिंकेज हातात घेतलं की खालच्या स्टिकमध्ये मॉडेल उड्या मारतं आणि वरच्या अर्ध्या स्टिकला काही होतच नाही. यावर उपाय यांत्रिक आहे आणि साध्या चार चॅनलच्या रेडिओवरही चालतो. आयडलला असताना सर्व्होचा आर्म पुशरॉडच्या रेषेकडे झुकलेला ठेवा, म्हणजे सुरुवातीच्या अंशांमध्ये पुशरॉड अगदी थोडा सरकेल, आणि त्याच वेळी कार्बचा आर्म पुशरॉडशी काटकोनात ठेवा. पुढे स्टिक वाढते तसा सर्व्हो आर्म काटकोनाकडे येतो आणि बॅरल झपाट्याने उघडतो. खाली बारीक हालचाल, वर मोठी. सर्व्होचा आर्म स्प्लाइनवर (सर्व्होच्या दातेरी अक्षावर) एक-दोन दात फिरवून हे जमतं. आर्म पुशरॉडच्या अगदी सरळ रेषेत मात्र नेऊ नका, तिथे तो अडकू शकतो. असा आर्म फिरवला की एकूण सरकणं बदलतं, म्हणून भोकं परत एकदा तपासा.

ट्रान्समीटर

इंजिन बंद, रेडिओ चालू. स्टिक पूर्ण वर: बॅरल पूर्ण उघडा, भोक गोल दिसलं पाहिजे, आणि सर्व्हो गुणगुणत नको. स्टिक पूर्ण खाली, ट्रिम (स्टिकजवळचं बारीक जुळवणीचं बटण) मध्यावर: बॅरलमध्ये बारीक फट. .४० ला ती साधारण १ मिमी असते, .१५ आणि खालच्या इंजिनांना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करा, शेवटची जागा इंजिन चालू झाल्यावर कानाने ठरेल. स्टिक खाली आणि ट्रिमही खाली: बॅरल पूर्ण बंद, इंजिन बंद होईल. कार्बवर आयडल स्टॉप स्क्रू असेल आणि तो बॅरलला पूर्ण बंद होऊ देत नसेल तर तो मागे घ्या, आयडलची जागा आता सर्व्हो ठरवतोय. पण तो पूर्ण काढून टाकू नका, बऱ्याच कार्बमध्ये तोच स्क्रू बॅरल जागेवर धरून ठेवतो.

कॉम्प्युटर रेडिओ असेल तर थ्रॉटल कट (इंजिन बंद करायची सोय) एका स्विचवर द्या आणि तो स्विच असा निवडा की चुकून हात लागणार नाही. थ्रॉटल कर्व्ह (स्टिकच्या कुठल्या जागेला सर्व्हो किती फिरेल ते ठरवायची सोय) असेल तर यांत्रिक जुळवणी करून झाल्यावर जे उरलं तेवढंच कर्व्हने सुधारा, मधल्या स्टिकला ३५-४० टक्के ठेवून बघा.

फेलसेफ विसरायचं नाही. सिग्नल गेला की थ्रॉटल आयडलला किंवा कटला जायला हवं. रिसीव्हर बाइंड करताना (ट्रान्समीटरशी जोडताना) स्टिक कुठे होती त्यावर कित्येक सेटमध्ये फेलसेफ ठरतं, त्यामुळे ते गृहीत धरू नका: इंजिन बंद ठेवून ट्रान्समीटर बंद करा आणि बॅरलकडे बघा.

इंजिन चालू करण्याआधी

मॉडेल बांधलेलं किंवा कोणीतरी घट्ट धरलेलं. हाताने फ्लिक करायचं नाही, चिकन स्टिक (प्रॉप फिरवायची काठी) किंवा स्टार्टर. चालू झालं की लगेच प्रॉपच्या मागे या, नीडल आणि ग्लो क्लिप (प्लग तापवायला बॅटरी जोडणारी) दोन्ही मागूनच. प्रॉपच्या रेषेत, म्हणजे बाजूला, कोणी उभं राहू नये, पातं तुटलं तर तिकडेच जातं. सैल बाही, गळ्यातला ट्रान्समीटरचा पट्टा, लोंबणारी ग्लोची वायर, सगळं बाजूला. मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही, त्यामुळे काही पेटलं असं वाटलं तर हात घालण्याआधी विचार करा. आणि लो एंड ट्यून करताना इंजिन हळू फिरतंय म्हणून धीट व्हायला होतं, ३००० आरपीएमचं प्रॉपसुद्धा बोट कापतं.

मेन नीडल

इंजिन नवीन असेल तर आधी ब्रेक-इन (नवीन इंजिन चालवून मोकळं करणं) पूर्ण करा. घट्ट इंजिन आयडल करत नाही आणि केलं तरी दोन टाक्यांनंतर सेटिंग बदलतं.

प्लग ताजा, टाकी भरलेली, मफलरचं प्रेशर जोडलेलं. इंजिनाच्या कागदात जितक्या फेऱ्या दिल्या असतील तितकी नीडल उघडा, कागद नसेल तर दोन ते अडीच फेऱ्यांपासून सुरुवात. थ्रॉटल थोडं उघडं ठेवून चालू करा, गरम होऊ द्या, मग फुल थ्रॉटल आणि ग्लो क्लिप काढा. आता नीडल एकेक क्लिक आत. आवाज जाडसर गुरगुरण्यातून स्वच्छ सुरात जाईल, वेग वाढत जाईल, एका ठिकाणी वाढायचा थांबेल. तिथून पुढे गेलात तर वेग पडायला लागेल, तो लीन भाग, तिथे इंजिनाला एक क्षणही ठेवू नका. टोक सापडलं की तिथून बाहेर, टॅकोमीटरवर २००-४०० आरपीएम उतरेपर्यंत. टॅकोमीटर नसेल तर नळी क्षणभर चिमटीत दाबून सोडा: वेग किंचित वाढून मग पडायला लागला तर तुम्ही योग्य रिच बाजूला आहात, न वाढता सरळ पडला तर लीन आहे. मग मॉडेल नीट धरून नाक आभाळाकडे करा, वेग थोडा वाढला किंवा तसाच राहिला तर ठीक, पडला तर दोन क्लिक बाहेर.

मेन नीडल आधी का? कारण लो एंडचं मिश्रण त्याच फ्युएलच्या वाटेवर आहे. मेन नंतर बदललीत तर लो परत करावं लागतं.

लो एंड

आता शांतपणे. सुरुवातीची जागा: एअरब्लीड असेल तर स्क्रूने भोक अर्धं झाकलेलं असू द्या. ट्विन नीडल असेल तर कारखान्यातून आलंय तसंच, आणि फिरवण्याआधी स्क्रूच्या खाचेची दिशा लिहून ठेवा किंवा फोटो काढा.

इंजिन गरम असताना हळूहळू आयडलला आणा, ग्लो क्लिप लावलेली नको. ट्रिमने असा वेग ठेवा की ते चालू राहील, जास्त असला तरी चालेल. दहा-पंधरा सेकंद ऐका. मग स्टिक एका सेकंदात पूर्ण वर.

रिच असेल तर: आयडल हळूहळू खाली उतरत जातं, आवाज ओला, मफलरमधून तेल टपकतं, आणि स्टिक दिली की गुरगुरतं, भरपूर धूर येतो, मग कसंबसं उठतं किंवा बुडून मरतं. लीन असेल तर: आयडल आपोआप चढतं किंवा वरखाली करतं, आणि स्टिक दिली की धूर न येता झटकन, स्विच बंद केल्यासारखं मरतं. ही दोन मरणं वेगळी ओळखणं हेच लो एंड ट्यूनिंगचं सगळं कौशल्य आहे. धुराकडे बघा, धूर खोटं सांगत नाही.

नक्की कळत नसेल तर नळी दाबायची चाचणी. आयडलला असताना कार्बजवळ नळी चिमटीत दाबून धरा. वेग बराच वाढून बऱ्याच वेळाने बंद पडलं तर रिच. लगेच बंद पडलं तर लीन. दोन-तीन सेकंद तसंच चाललं, किंचित वाढलं आणि मग बंद झालं तर जागा बरोबर. लहान इंजिनात नळीत उरलेलं फ्युएल जास्त वेळ पुरतं म्हणून नळी कार्बच्या अगदी जवळ दाबा, नाहीतर प्रत्येक वेळी रिचच वाटेल.

मग स्क्रू. एका वेळी फेरीचा आठवा भाग, त्याहून जास्त नाही. रिच असेल तर एअरब्लीडचा बाहेर, ट्विन नीडलचा आत. फिरवला की फुल थ्रॉटल देऊन इंजिन साफ करा, पाच सेकंद, परत आयडल, परत दहा-पंधरा सेकंद, परत स्टिक. साफ न करता लगेच परत तपासलं तर आधीचं साचलेलं फ्युएल अजून क्रँककेसमध्ये असतं आणि तुम्ही जुन्या सेटिंगचा निकाल वाचत असता. जसजसं लीन कराल तसा आयडलचा वेग वाढेल, मग ट्रिमने फट कमी करा, फट कमी झाली की मिश्रण परत थोडं बदलतं, परत स्क्रू. हे दोन-तीन वेळा मागे-पुढे करावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही. शेवटी अगदी किंचित रिच ठेवा, स्टिक दिल्यावर पहिल्या क्षणी हलकासा जाड आवाज येऊन मग उठेल असं. जमिनीवर अगदी परफेक्ट वाटणारं लो एंड हवेत लीन होतं, कारण हवेत प्रॉपवरचा भार कमी होतो. झालं की मेन नीडल परत एकदा तपासा, ट्विन नीडलमध्ये ती एखाद-दोन क्लिक हललेली लागते.

सगळं करूनही आयडल जमत नसेल

प्लग बदला. खरंच, आधी प्लग बदला. तार लाल होते म्हणजे प्लग चांगला असं नाही, तारेचा पृष्ठभाग खराब झाला की फुल थ्रॉटलला चालतो पण आयडलला साथ सोडतो. खूण म्हणजे आयडलला ग्लो क्लिप काढली की वेग धाडकन उतरतो. लहान इंजिनाला हॉट किंवा मीडियम-हॉट (तार जास्त गरम राहणारा) प्लग द्या. आयडल बार असलेला प्लगही मदत करतो, ती पट्टी ओलं फ्युएल सरळ तारेवर पडू देत नाही, पण प्लगची लांबी इंजिनाला चालणारी आहे ना ते बघून घ्या, लांब प्लग लहान इंजिनात पिस्टनला लागू शकतो.

फ्युएलमध्ये १० ते १५ टक्के नायट्रो (नायट्रोमिथेन) असेल तर लहान इंजिनाचं आयडल स्पष्टपणे सुधारतं. मोठ्या इंजिनाला ५ टक्के पुरतं म्हणून तोच कॅन लहानाला वापरू नका. तेल कमी करून आयडल सुधारायच्या भानगडीत मात्र कधी पडू नका, साध्या बेअरिंगच्या लहान इंजिनाला २० टक्क्यांच्या आसपास तेल लागतं आणि त्यात एरंडेल असलेलं बरं. कॅन उघडा राहिला तर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, असं फ्युएल कशालाच नीट सेट होत नाही.

प्रॉप हे फ्लायव्हीलचं काम करतं. अगदी हलकं लहान प्रॉप लावलं की आयडल डगमगतं. .१० ला ७×४, .१५ ला ८×४, .२५ ला ९×४ किंवा ९×५ (इंचांत व्यास आणि पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकायचं अंतर) इथून सुरुवात करा. व्यास थोडा मोठा आणि पिच कमी असं प्रॉप आयडलला स्थिर ठेवतं आणि उतरताना ब्रेकसारखं कामही करतं. बॅलन्स केलेलं हवंच, कंपनाने टाकीत फेस होतो आणि मग वरचं सगळं परत पहिल्यापासून.

हवेत

पहिल्या फ्लाइटला उंची घ्या, मैदानाच्या डोक्यावर या, आणि थ्रॉटल बंद करा. पंधरा-वीस सेकंद आयडलवर ग्लाइड, मग स्टिक हळू वर. उठलं तर हेच परत, या वेळी नाक खाली असताना, कारण उतरताना मॉडेल असंच येतं आणि टाकीचा कल बदललेला असतो. बंद पडलं तर उंची आहे, डेडस्टिक (बंद इंजिनाने) उतरवा आणि कुठल्या आवाजात मेलं ते आठवा: गुरगुरून की झटकन. जमिनीवर परत तेच आठवा भाग फेरी. एका फ्लाइटमध्ये एकच बदल, नीडल, लो स्क्रू आणि ट्रिम तिन्ही एकदम फिरवले तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

लांब उताराच्या वेळी मधे एकदा क्षणभर अर्धं थ्रॉटल देऊन परत बंद करा, साचलेलं फ्युएल जळून जातं आणि प्लग गरम होतो. टेकऑफच्या आधीही फुल थ्रॉटलला दोन सेकंद साफ करून मगच सोडा. थंड हवेच्या दिवशी मेन नीडल क्लिक-दोन क्लिक रिच लागते, गरम दमट दिवशी लीन, पण लो स्क्रू एकदा बसला की हवामानासाठी त्याला हात लावायची गरज क्वचितच पडते.

दिवस संपला की टाकी रिकामी करा, इंजिन परत चालू करून नळीतलं उरलेलं जळू द्या, मग कार्बमध्ये आणि प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे थोडे थेंब सोडून हाताने काही फेऱ्या फिरवा. बॅरलच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब द्या आणि स्टिक चार-पाच वेळा वर-खाली करा, म्हणजे पुढच्या वेळी बॅरल चिकटलेला मिळणार नाही आणि आज लावलेलं आयडल त्याच जागी असेल.